व्याह्यांचा डाग मोठा

मृत्यू ही माणसाच्या आयुष्यातली सर्वांत गंभीर घटना आहे, याला आजवर कोणी हरकत घेतलेली नाही. ज्यांनी घ्यायची, ते घेण्याच्या परिस्थितीत नसतात. आणि ही घटना तिच्या इतमामाने पार पडावी म्हणून त्या गावाकडे गंभीरराव होते.

जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत त्यांची सगळी नोकरी मृत्यूच्या खिडकीत गेली. शेजारच्या जन्माच्या खिडकीवर लोक हसत यायचे, यांच्या खिडकीवर नाक पुसत. त्यामुळे चेहऱ्याला जे वळण लागलं ते निवृत्तीनंतरही सुटलं नाही. नाव कचेरीतल्या शिपायाने ठेवलं, बायकोने त्यावर शिक्कामोर्तब केलं. गावात कोणी गेलं की शोकसभेला बोलायला गंभीरराव. त्यांनी उभं राहून चष्मा काढावा, 'आज' एवढंच म्हणावं, की पुढच्या रांगेतल्या बायका पिशवीत रुमाल शोधायला लागत. दोन-चार दूरदर्शी म्हातारे तर त्यांना आधीच गाठून आपली माहिती देऊन गेले होते.

अशा माणसाला एका सकाळी दूध नासल्याचं ऐकून हसू फुटलं.

"अहो, दूध नासलं," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. गंभीरराव 'असू दे' म्हणायला गेले आणि गळ्याच्या घाटीत जणू कोणीतरी किक मारून गाडी सुरू केली. आधी भुर्र भुर्र झालं, मग ते पोटात उतरलं, आणि मग खो खो खो करत थेट तोंडातून बाहेर आलं. गंभीरराव स्वतः आत स्वस्थ बसले होते. त्यांना दुधाचं काही वाटलं नव्हतं, मौज तर मुळीच नाही. पण खांदे गदागदा हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते आपलंच हसणं शेजारच्या घरातल्या भांडणासारखं ऐकत होते.

"एवढं काय झालं हसायला?" बायको झारा घेऊन दारात आली. "तीस वर्षं मी विनोद करून दमले. हूं की चूं नाही. आणि दूध नासलं तर हसताय?"

"मी हस... खो खो... हसत नाहीये."

"मग मी हसतेय का?"

सुनेचं मात्र त्यांच्या तोंडाकडे लक्ष गेलं. "आई, थांबा. बाबांचं तोंड एका बाजूला ओघळलंय. आणि बोलणं बघा, जिभेखाली गोटी ठेवल्यासारखं." तिने फोन उचलला आणि तिच्या वडिलांना गाडी घेऊन बोलावलं.

तिचे वडील म्हणजे गंभीररावांचे व्याही. त्यांचं फरशांचं दुकान होतं आणि गंभीररावांचा मुलगा त्याच दुकानात जावई-कम-मॅनेजर होता. गाडी म्हणजे दुकानाचा टेम्पो. गंभीरराव नमुन्याच्या फरशांच्या दोन खोक्यांमध्ये बसून दवाखान्यात पोचले, आणि वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला हसले.

"व्याहीबुवा आज खुशीत दिसतात," व्याही गाडी चालवता चालवता म्हणाले. "आम्ही फरशी बसवतो, यांची फरशी सरकली वाटतं!" आणि स्वतःच मोठ्याने हसले. व्याही विनोदी होते. म्हणजे विनोद करत असत.

मेंदूचा फोटो काढायच्या ठिकाणी खिडकीतल्या मुलीने सांगितलं की एकाच घरातल्या दोघांचा काढला तर दुसऱ्याला सवलत आहे. सवलत हा शब्द ऐकून व्याही आजवर कुठूनही रिकाम्या हाताने परतले नव्हते. "मग माझाही काढून टाका," ते म्हणाले, आणि बूट काढून रांगेत उभे राहिले.

अशा रीतीने दोघांच्या फिल्मा एकाच पाकिटातून बाहेर आल्या, आणि सगळा घोटाळा तिथे सुरू झाला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि भरभर बोलत. त्यांनी दोन्ही फिल्मा उजेडाच्या पेटीवर लावल्या. गंभीररावांच्या फिल्मवर अगदी खाली, मेंदू जिथे मानेत उतरतो तिथे, मोहरीएवढा ठिपका होता. व्याह्यांच्या फिल्मवर कपाळामागे उजव्या हाताला लिंबाएवढा डाग होता, चांगला रसरशीत.

एव्हाना मुलगा आणि विहीणबाईही येऊन पोचले होते. मुलाने खिशातून पट्टी काढली. फरशीच्या धंद्यातला माणूस पट्टीशिवाय घराबाहेर पडत नाही.

"बाप रे," तो सासऱ्यांच्या फिल्मवर पट्टी धरून म्हणाला, "हा तर केवढा एरिया आहे!"

"ते जाऊ दे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तो डाग जुना आहे. कधी येऊन गेला तुम्हाला कळलंही नसेल. काकू, यांच्या स्वभावात मध्यंतरी काही फरक पडला होता? नको तिथे विनोद करणं, नको ते बोलणं?"

"लग्न झाल्यापासून," विहीणबाई म्हणाल्या.

"म्हणजे फरक नाही."

"फरक कसला? जैसे थे."

"बघा. तो भाग असा आहे की तिथे बरंच बिघडलं तरी माणूस चालतो, बोलतो, दुकान चालवतो. गोळ्या घ्या, रक्तदाब सांभाळा. मला काळजी या आजोबांची आहे." त्यांनी मोहरीवर पेनचं टोक टेकवलं. "हा मेंदूचा देठ. वरून खाली जाणाऱ्या सगळ्या तारा इथून दाटीवाटीने जातात. डाग केवढा आहे हे नसतं बघायचं, कुठे पडलाय ते बघायचं. इमारतीत एक मोठी अडगळीची खोली बंद पडली तर कोणाला पत्ता लागत नाही. पण जिन्याच्या एका पायरीवर कपाट अडकलं, की वरचे वर आणि खालचे खाली. यांचं हसू आवरणाऱ्या तारा तिथे तुटल्यात. यांना हसू येतं, पण ते हसत नाहीत. समजलं?"

"समजलं," सगळे म्हणाले, आणि व्याह्यांच्या फिल्मकडे बघत राहिले.

त्यांचाही दोष नव्हता. त्या घराचं पोट चौरस फुटांवर चालत होतं. माल जेवढा जास्त फुटला तेवढं नुकसान जास्त, हे तिथे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होतं. लिंबाएवढं नुकसान झालेला माणूस दुकानात बसून विनोद करतो म्हणजे तो वीरपुरुष. आणि मोहरीएवढ्यासाठी जो दवाखान्यात झोपून राहतो तो, काय म्हणायचं, जरा नाजूक.

गंभीररावांना दवाखान्यात ठेवून घेतलं, तेव्हा भेटायला येणारे आधी व्याह्यांची चौकशी करत. व्याही खाटेशेजारच्या खुर्चीत बसून चौकशी स्वीकारत. "असतं हो एकेकाचं. यांचा काय, मोहरी! माझा बघाल तर चक्कर येईल. दाखवू?" आणि दाखवत. पुढेपुढे खुर्ची अवघडते म्हणून ते खाटेवर आडवे झाले आणि गंभीरराव खुर्चीवर आले. एकदा तर परिचारिकेने व्याह्यांचाच रक्तदाब मोजला.

घरी आल्यावरही तेच. सून सासऱ्यांसाठी जीव टाकणारी, पण तिलाही वडील होते, आणि वडिलांना लिंबू होतं. व्याह्यांचा मुक्काम इकडेच हलला, कारण त्यांना म्हणे आपल्या घरचा जिना चढवत नव्हता. खिडकीजवळची मोठी खोली, चार उशा, वेळेवर सूप. गंभीररावांना सूप ढवळायला उभं केलं जाई. ढवळता ढवळता हसू यायचं आणि सूप सांडायचं.

"बाबा, जरा मनावर घ्या हो," मुलगा म्हणाला. "एवढ्याशा ठिपक्याने माणूस असा हसत नसतो. त्यांचं बघा. केवढा एरिया गेलाय, पण कुरकुर आहे का?"

"अरे, डॉक्टर म्हणाल्या ना, कुठे पडलाय ते..."

"ते झालंच हो. पण साइजही काही असते ना!"

बायकोचा राग वेगळाच होता. तिची थोरली बहीण मोरीत घसरून पडली, हे तिने रडत रडत सांगितलं, तेव्हा गंभीरराव जमिनीवर लोळून हसले होते. "मनात होतं तेच बाहेर आलं," ती सुनेला म्हणाली. "ताईचं आणि यांचं कधी पटलं होतं?" गंभीररावांना ताईंबद्दल खरोखर वाईट वाटलं होतं. पण हे वाईट वाटणं एका मजल्यावर आणि हसणं दुसऱ्या मजल्यावर, आणि जिन्यात ते कपाट.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या होत्या. "गुण यायला वेळ लागेल. तोवर गंभीर प्रसंग टाळा," त्या म्हणाल्या. माशाला पाणी टाळायला सांगावं तसं ते झालं.

आणि त्यातच वाचनालयाचे अध्यक्ष वारले.

अध्यक्षांचं आणि गंभीररावांचं बोलणं बंद होतं, हे सगळ्या गावाला पाठ होतं. वाचनालयात पंख्याखाली एकच खुर्ची होती. तीवरून दोघांचं बिनसलं ते बिनसलंच. अध्यक्ष सकाळी दार उघडायच्या आधी येऊन पायरीवर बसत, केवळ ती खुर्ची मिळावी म्हणून. आता त्यांच्या शोकसभेत गंभीररावांना हसू फुटलं, तर तो देठ आहे, मोहरी आहे, तारा आहेत, हे कोणाच्या बापाला पटणार? लोक म्हणतील, वैरी मेला आणि म्हाताऱ्याच्या आनंदाला पारावार उरला नाही. एवढ्या मैतांवर कमावलेली अब्रू एका खो खोने जाणार.

तेव्हा जायचंच नाही, असं त्यांनी ठरवलं. तर अध्यक्षीणबाई स्वतः दारात उभ्या.

"भाऊ, तुम्हीच बोलायचं," त्या म्हणाल्या. "त्यांचं तुमच्याशी पटत नव्हतं, म्हणूनच सांगतेय. मित्र चांगलं बोलले तर त्यात काय विशेष? वैऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं तर माणसाला काही किंमत होती असं वाटेल."

गंभीररावांनी टॉवेल तोंडात कोंबला. नाही म्हणण्यासाठी मान हलवायला गेले, पण टॉवेलमागे किक बसली होती आणि मान नाही-हो-नाही-हो अशी चौफेर हलू लागली.

"येतील हो काकू!" मुलगा मागून म्हणाला. "बाबा ठणठणीत आहेत. आजारी ते आमचे सासरे."

त्या गेल्यावर गंभीररावांनी मुलाचा हात धरला. "अरे, मला हसू येईल तिथे. येणारच. मी कुठे तोंड दाखवू मग?"

"तुम्ही दुःखाचा विचार करा ना."

"विचाराचा काही संबंधच नाही रे! तेच तर..."

"प्रॅक्टिस करा. बाबा, तुम्ही गंभीरराव आहात. तुम्हाला हे शोभतं का?"

गंभीररावांनी प्रॅक्टिस केली. आरशासमोर उभं राहून ते अध्यक्षांबद्दल चार शब्द बोलले आणि चौदा वेळा हसले. गालाच्या आतल्या बाजूला चावा घेऊन पाहिला. गाल दुखला, हसू आलं. पोटावर बायकोचं लाटणं दाबून पाहिलं. शेवटी त्यांच्या लक्षात आलं की वीजबिल वाचताना हसू येत नाही. म्हणून त्यांनी एक बिल घडी करून वरच्या खिशात ठेवलं, जसे लोक शूर होण्यासाठी ताईत ठेवतात.

सभेला व्याह्यांनी येऊ नये असं सगळ्यांचं मत होतं, कारण एवढ्या एरियाला गर्दी सोसायची नाही. पण व्याही म्हणाले मी येणार, आणि लिंबाला नाही कोण म्हणणार? त्यांना पहिल्या रांगेत उशी घालून बसवलं.

वाचनालयाचा हॉल भरला होता. पुस्तकांची कपाटं भिंतीला सरकवली होती. टेबलावर अध्यक्षांचा फोटो होता. त्यातही ते कोणीतरी खुर्चीवर बसतंय की काय अशा नजरेने बघत होते. सचिवांनी माईकवर फुंकर मारली आणि म्हणाले, "आता आपल्या सर्वांचे... म्हणजे प्रत्येकाच्या वेळी जे बोलतात ते..." आणि पुढे काय म्हणावं ते न सुचून बसले.

गंभीरराव उठले. चष्मा काढला. "आज," ते म्हणाले.

रुमाल निघाले. सगळं ठीक चाललं होतं. गंभीररावांनी डाव्या हातात बिल घट्ट धरलं आणि मनातल्या मनात त्यावरच्या 'स्थिर आकारा'ची रक्कम म्हणत दुसरं वाक्य पार केलं. तिसऱ्या वाक्यात 'कधीही न भरून येणारी' असं यायचं होतं. 'कधीही न' पर्यंत ते पोचले, आणि घाटीत किक बसली.

भुर्र.

त्यांनी तोंड मिटलं, तर हसू नाकातून निघालं, आणि माईकने ते इमानेइतबारे हॉलच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचवलं. मग पोट, मग खांदे, मग खो खो खो खो. टेबल हललं. अध्यक्षांचा फोटो पालथा पडला, जणू त्यांनाही बघवेना. गंभीरराव फोटो उभा करायला वाकले आणि वाकलेले वर येईनात.

"बघा, बघा," मागून कोणीतरी म्हणालं. "पंख्याखालची खुर्ची मोकळी झाली ना!"

"अहो, लाज वाटू द्या थोडी!"

मुलाने चेहरा दोन्ही हातांत घेतला होता. बायको छताकडे बघत होती. गंभीरराव आत, अगदी आत, थंडगार बसले होते आणि आपली अब्रू कशी जातेय ते बघत होते. "मी... खो खो... हसत नाहीये... देठ... माझा देठ..." ते कसेबसे म्हणाले, आणि त्याने कोणाच्याच ज्ञानात भर पडली नाही.

तेव्हा पहिल्या रांगेतली उशी खाली पडली आणि व्याही उठले. कोणी धरायच्या आत त्यांनी माईक हातात घेतला.

"मंडळी," व्याही म्हणाले, "हे माझे व्याही. यांच्या डोक्यात एक डाग आहे, मोहरीएवढा. माझ्या डोक्यात आहे लिंबाएवढा. आता तुम्ही म्हणाल, मोठा पेशंट कोण? मीही तसंच म्हणत होतो. गेले कित्येक दिवस यांच्या उशा मी वापरतोय. पण आत्ता यांना बघून डोक्यात प्रकाश पडला, जेवढी जागा शिल्लक आहे तेवढ्यात. मी धंद्यातला माणूस, फरशीत सांगतो. तुमच्या दिवाणखान्यात मधोमध दहा फरश्या फुटल्या, तुम्ही काय करता? वर सतरंजी टाकता. पाहुणे बसून जातात, कळतही नाही. तो मी! आणि मोरीच्या तोंडाशी एकच फरशी, एवढीशी, तिरकी बसली? पाणी तुंबलं, अख्खं घर वाहिलं. ते हे! हे हसत नाहीयेत हो. यांचं तुंबलंय!"

इथे व्याह्यांनी थांबायला हवं होतं. पण कपाळामागे उजव्या हाताला जिथे थांबण्याची सोय असते, तिथे त्यांच्याकडे लिंबू होतं.

"आणि अध्यक्षांचं म्हणाल," ते म्हणाले, "तर त्यांनी एकदा आमच्याकडून जिन्यासाठी फरशी नेली. आठवड्याने परत आणली. म्हणाले, बदलून द्या, हिच्यावरून कोणी घसरतच नाही!"

सचिव माईक काढून घ्यायला उठले. मग पहिल्या रांगेतून एक चीं असा आवाज आला. अध्यक्षीणबाईंनी पदर तोंडाशी धरला होता आणि त्या हलत होत्या. "खरं आहे," त्या म्हणाल्या, "अगदी खरं आहे! भाऊसाहेब, त्यांनी ती माझ्या माहेरच्या माणसांसाठीच घेतली होती!" आणि त्यांना हसू फुटलं ते फुटलंच.

मग कोण थांबतो? सचिव फस्सकन हसले. ग्रंथपालबाईंना ठसका लागला. मागचा तो खुर्चीवाला, ज्याने अब्रू काढली होती, तो बाकावरून खाली बसला आणि "अहो, मला एकदा पुस्तक उशिरा आणलं म्हणून पायरीवर वाचायला बसवलं होतं!" असं ओरडला. दुसरा म्हणाला, मला पाऊण पान दुमडलेलं दिसलं म्हणून पोलिसांत देणार होते. ज्याला त्याला अध्यक्ष आठवू लागले, आणि जो आठवे तो आधी हसे आणि मग डोळे पुसे. गंभीररावांची बायको हसत हसत विहीणबाईंच्या खांद्यावर पडली. मुलगा उभा राहून "मोरीच्या तोंडाशी! बाबा, मोरीच्या तोंडाशी होय!" असं पुन्हा पुन्हा म्हणत होता आणि त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

आणि एवढ्यात, जशी आली तशी, गंभीररावांच्या घाटीतली ती गाडी बंद पडली.

ते सरळ झाले. तोंड पुसलं. हसणाऱ्या त्या अख्ख्या हॉलमध्ये आता ते एकटेच गंभीर होते. संधी पुन्हा मिळायची नाही हे ओळखून त्यांनी चष्मा काढला, माईक ओढून घेतला आणि 'भरून येणारी' पासून पुढचं सगळं भाषण, एकही शब्द न गाळता, घडाघडा म्हणून टाकलं. उत्तम झालं. कोणी ऐकलं नाही.

निघताना अध्यक्षीणबाईंनी त्यांचे दोन्ही हात धरले. "भाऊ, तुमच्यामुळे गोड झालं हो," त्या म्हणाल्या.

घरी उशांची फेरवाटणी झाली. चारही गंभीररावांना मिळाल्या, सूपही. मुलगा येईल त्याला फिल्म दाखवून "एरियावर जाऊ नका, लोकेशन बघा" असं समजावू लागला, जणू हा शोध त्याचाच. व्याही आपल्या घरी गेले आणि जिना चढले. गोळ्यांनी हळूहळू गुण दिला. हसू आधी रोज, मग अधूनमधून, मग येईनासं झालं, आणि एका सकाळी बायकोने केलेला विनोद ऐकूनही गंभीररावांचा चेहरा हलला नाही, तेव्हा ते पूर्ण बरे झाल्याचं घरात जाहीर करण्यात आलं.

पुढच्या आठवड्यात गावातले जुने छायाचित्रकार गेले. गंभीररावांनी सदऱ्याला इस्त्री केली आणि बोलावण्याची वाट बघत बसले. बोलावणं आलं नाही. संध्याकाळी न राहवून ते वाचनालयात सचिवांकडे गेले.

"त्या दिवशीच्या हसण्याचं लोकांच्या मनात अजून आहे का हो?" त्यांनी विचारलं.

"छे छे, ते कोणाच्या लक्षातही नाही," सचिव म्हणाले. "हल्ली आम्ही तुमच्या व्याह्यांना बोलावतो. ते पाच मिनिटांत आटोपतात."